दोन पंच आण, परब

मी बत्तीस वर्षं पोलिसात काढली आणि एकदाही कुणावर गोळी झाडली नाही. संपादकांनी फोनवर पावडरवाल्या टोळीबद्दल काहीतरी थरारक लिहा म्हटलं, तेव्हाच मी त्यांना सांगितलं की बाबा रे, थरारक हवं असेल तर साहेब लोकांकडे जा. त्यांच्याकडे पाठलाग आहेत, खबरी आहेत, सगळं झकास आहे. मी हवालदार. मी माणसं आणायचो. ते म्हणाले, आरोपी? म्हटलं, छे हो. आरोपी आणणं सोपं, तो पळाला तर निदान त्याच्या मागे पळता येतं. मी पंच आणायचो.

पंच म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण लग्नानंतर दोन वर्षं आमच्या सासऱ्यांनाही वाटत होतं की जावई कुठल्या तरी ग्रामपंचायतीचं बघतो. पोलिसांनी धाड घातली की झडती पाहायला दोन बाहेरची माणसं लागतात. आरोपीशी नातं नसलेली आणि पोलिसांशी सलगी नसलेली. त्यांच्यासमोर माल निघतो, वजन होतं, पाकिटांवर लाखेचं सील बसतं आणि झालं तसं सगळं कागदावर उतरतं. तो पंचनामा. त्याच्यावर आणि पाकिटांच्या चिठ्ठ्यांवर त्या दोघांच्या सह्या. पुढे चार-पाच वर्षांनी ही दोघं कोर्टात उभी राहून म्हणाली की होय, हे आमच्यादेखत झालं, तर केस. नाही म्हणाली तर केसची वाट लागली.

गाडीतून एक पाय खाली ठेवता ठेवता साहेब म्हणायचे, "दोन पंच आण, परब." जसे काही पंच नाक्यावर जुडीने मिळतात. अहो, मुंबईचा माणूस रस्त्यात पडलेल्याला उचलेल, पाणी भरलं तर अनोळखी माणसाला घरात घेऊन चहा पाजेल. पण पंच व्हा म्हटलं की त्याला एकदम गावचं मयत आठवतं. यात मी माझं एक शास्त्र तयार केलं होतं. भराभर चालणाऱ्याला विचारायचं नाही. मोबाइलवर भांडणाऱ्याला तर नाहीच. बायको साडीच्या दुकानात आणि नवरा बाहेर पिशव्या धरून उभा, हा उत्तम पंच. त्याला तिथून कुठेही जायचंच असतं. पेन्शनर म्हणजे सोनं. आणि या सगळ्या शास्त्राचा मंत्र एकच होता: "नुसती सही करायची आहे हो, कोर्टात यावं लागणार नाही."

हे धादांत खोटं. कोर्टात यावंच लागतं, त्यासाठीच तर पंच असतो. पण खरं सांगितलं तर माणूस थांबत नाही, आणि माणूस थांबला नाही तर साहेब मला थांबवतात. आमची आई मालवणची. हे ऐकून ती एकदा म्हणाली होती, "मेल्या, तुज्या जिभेक काय हाड आसा की नाय?" मी हसण्यावारी नेलं.

आता लादीवाला. त्याचं खरं नाव लिहीत नाही. त्याचं अपील चालू आहे आणि त्याचे वकील माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. घाटकोपरला त्याचं लाद्यांचं दुकान. सुरुवातीला स्वतः लोकांची न्हाणीघरं करायचा, गुडघ्यावर बसून. आता लादी बसवणारा माणूस घरात महिना महिना वावरतो. कुणाकडे पैसा आहे, कुणाची पोरं रात्र रात्र पार्टीला जातात, कुठला वॉचमन डुलकी काढतो, सगळं त्याला दिसतं, आणि त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. लाद्यांच्या फटी भरायला पांढरं सिमेंट लागतं, ते डब्यातून येतं. आणि एमडी म्हणून जी कारखान्यात बनणारी नशा आहे, तीही पांढरीच. दोन्ही एकाच टेम्पोतून फिरायला लागलं. एवढी साधी गोष्ट, पण आम्हाला कळायला तीन वर्षं गेली.

पहिल्यांदा तो जोगेश्वरीला सापडला, टेम्पोसकट. साहेब म्हणाले, दोन पंच आण, परब. त्या दिवशी उन्हाचा तडाखा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी सरळ आमच्या ऑफिसखालच्या बबन सँडविचवाल्याला उचललं आणि त्याच्या भावाला. बबन म्हणजे आमचा घरचा पंच. हाक मारली की हातातला टोमॅटो ठेवून यायचा. कायद्याने हे चालत नाही, पण सगळेच चालवून घ्यायचे.

कोर्टात समोरच्या वकिलाने बबनला अगदी प्रेमाने विचारलं की, यापूर्वी कधी पंच झाला आहात का? बबनला वाटलं, अनुभवाची विचारणा आहे. तो छाती काढून म्हणाला, "साहेब, मोजलं नाही. परबसाहेब बोलावतात तेव्हा मी जातो." कोर्टात हशा पिकला. मी शेवटच्या बाकावर भिंतीत शिरायला जागा बघत होतो. लादीवाला निर्दोष सुटला. बाहेर व्हरांड्यात तो माझ्यापाशी आला, नमस्कार केला आणि अगदी आदराने म्हणाला, "हवालदार, पुढच्या वेळी जरा बरा पंच आणा."

तिथून त्याचा खरा उदय. आधी तो भुरटा होता. आता 'कोर्टातून सुटून आलेला' झाला. या धंद्यात याच्याइतकं चांगलं प्रमाणपत्र नाही. दोन-तीन वर्षांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत त्याची माणसं पसरली. बनवणारा वेगळा, आणणारा वेगळा, ठेवणारा वेगळा, घरपोच करणारा वेगळा, आणि एकाला दुसऱ्याचं नाव ठाऊक नाही. शिस्त अशी की आमच्या खात्याने धडे घ्यावेत. त्याच्याकडे गणपतीला पाच दिवस सुट्टी असायची. आम्हाला गणपतीला बंदोबस्त. मंडळांना देणग्या, शाळेला फरशी, एका पोलीस चौकीच्या मोरीलासुद्धा त्याने फुकट लाद्या बसवून दिल्या. कुठल्या, ते विचारू नका. त्या अजून छान आहेत.

मी विक्रोळीला राहतो. आमच्याच मजल्यावर विनायक, आमचा विन्या. तिशीचा गडी, कबड्डीत चढाईला गेला की समोरचे दोन पावलं मागे सरायचे. त्या दोन वर्षांत त्याचे गाल आत गेले, दात हलायला लागले, घरातली भांडी एकेक करून दिसेनाशी झाली. त्याची बायको एकदा जिन्यात माझ्या बायकोला म्हणाली, भावजी पावडर पकडणाऱ्या खात्यातच आहेत ना हो, ते काही करत नाहीत का? मी दारामागे उभा राहून ऐकत होतो. त्या दिवशी मला बबन आठवला. लादीवाल्याला मोठं करण्यात माझाही हात होता, हे तेव्हा मला स्वच्छ दिसलं.

मग एका शुक्रवारी खबर पक्की आली. अंधेरीच्या बाजूला एक जुनं गावठाण आहे. बैठी घरं, क्रूस, मध्येच उगवलेल्या इमारती. तिथल्या एका गोदामात माल होता, आणि गोदामात लादीवाला स्वतः दर रविवारी सकाळी जायचा. कारण एवढी मोठी त्याची कंपनी, पण त्या गोदामाची किल्ली एकच, आणि ती त्याच्या खिशात. त्याचा कुणावर विश्वास नव्हता. आमचं ठरलं होतं की तो पोचायच्या आधी कुलूप तोडून आत दबा धरायचा. त्याप्रमाणे आमच्या रायटरने, म्हणजे कागदपत्रं लिहिणाऱ्या शिपायाने, शनिवारीच ऑफिसात पंचनामा टाइप करून ठेवला होता. 'कुलूप तोडून आत प्रवेश केला' वगैरे सगळं तयार. फक्त आकडे आणि सह्या भरायच्या. हा आमचा जुना रोग. घटना घडायच्या आधीच आमच्याकडे ती घडलेली असते.

पण लादीवाला त्या रविवारी अर्धा तास लवकर आला. आम्ही पोचलो तेव्हा तो गोदामाच्या दारातच सापडला. साहेबांनी त्याचा दंड धरला आणि वळून मला म्हणाले, दोन पंच आण, परब.

गल्लीतली दारं आम्हाला बघूनच लागली होती. समोरच्या इमारतीखाली एक निवृत्त गृहस्थ पेपर वाचत होते. पेन्शनर, सोनं. ते लगेच आले. दुसऱ्याला मी दहा मिनिटं शोधत होतो. शेवटी एका अंगणात एक साठीच्या बाई चटईवर मिरच्या पसरताना दिसल्या. सिसिलिया आंटी. जुन्या ख्रिस्ती घरातली बाई, नवरा वारलेला, मुलगी वसईला दिलेली. बाटलीतला मसाला, म्हणजे बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवतात तो, कुटून विकायची. त्या भागात तिच्या मसाल्याचं नाव होतं. मी नेहमीची विनवणी केली. तिने हात पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कोर्टान यावा लागंल काय?"

"नाही हो आंटी, नुसती सही."

तिने चष्मा घेतला, बसायला स्टूल घेतलं आणि माझ्यामागून आली.

लादीवाल्याची झडती झाली, खिशातून किल्ली निघाली. त्या किल्लीने कुलूप उघडलं. आत पांढऱ्या सिमेंटचे डबे. काही डब्यांत खरंच सिमेंट होतं, बाकीच्यांत दुसरा पांढरा माल. आंटी स्टुलावर बसून सगळं बघत होती. वजनाचा काटा शून्यावर नव्हता, तेही तिने दाखवलं. जन्मभर मसाला तोललेली बाई. सगळं आटोपल्यावर रायटरने कालचा कागद काढला, आकडे भरले, आणि पेन पुढे केलं. निवृत्त गृहस्थांनी न वाचताच सही ठोकली. आंटीने चष्मा लावला आणि वाचायला लागली. मुन्सिपालटीच्या मराठी शाळेत शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचत होती.

मध्येच बोट थांबलं. "यान लिवलाय कुलूप तोडला. कुलूप कोनी तोडला? याच्या खिशातून किल्ली निंगाली, मी बघितली."

साहेब म्हणाले, आंटी, तेच ते, भावार्थ तोच आहे. आंटी म्हणाली, मग भावार्थावर तूच सही कर. आणि तिने पेन खाली ठेवलं. साहेब तापले. ऊन चढत होतं, गल्लीत गर्दी जमत होती, आणि वरून दर पाच मिनिटांनी फोन येत होता की झालं का. मीसुद्धा आंटीला हळूच म्हटलं, करा हो सही, काय फरक पडतो.

तेवढ्यात लादीवाला बोलला. सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं त्याने. अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "आंटी, ऊन वाढतंय. सही करून मोकळ्या व्हा ना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुलूप तोडलं असं कागदावर आलं की किल्ली गेली. किल्ली गेली की गोदाम त्याचं नाही. मग हा बिचारा नुसता रस्त्यावरून चाललेला लादीवाला. आमच्या साहेबांच्या आधी हे त्याला कळलं होतं. मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तो टाइप केलेला कागद रद्द केला, तसं नोंदवलं, आणि रायटरने पंचनामा पहिल्यापासून हाताने लिहिला. तीन तास. आंटी एकेक वाक्य ऐकायची आणि मान हलवायची तेव्हाच पुढचं वाक्य. तोवर तिच्या मिरच्या कुणी परतल्या नाहीत. कोंबड्या त्यांतून फिरून गेल्या होत्या. त्याची नुकसानभरपाई कुठल्या कलमात बसत नाही, असं साहेबांनी मला नंतर सांगितलं.

चार वर्षांनी केस उभी राहिली. आधी निवृत्त गृहस्थ आले. त्यांना काहीच आठवेना. सही माझी आहे, म्हणाले, पण कशावर केली ते सांगता येत नाही. त्यांना समन्स द्यायला मीच गेलो होतो, तेव्हा त्यांनी कौतुकाने न्हाणीघर दाखवलं होतं. जमिनीपासून छतापर्यंत नवीन लादी, मध्ये मोराची नक्षी. काम उत्तम होतं, खोटं कशाला बोलू.

आता सगळा डोलारा आंटीवर. तिलाही आधी लादीच देऊ केली होती, सगळ्या अंगणाला. ती म्हणाली, मातीवर चटई टाकली की मिरची बरी सुकते. मग फोन यायला लागले. मग एका सकाळी, वर्षाच्या मसाल्याची मिरची अंगणात पसरलेली असताना त्या मिरचीवर कुणीतरी रॉकेल ओतून गेलं. तिने तक्रार केली. बंदोबस्ताला एक शिपाई मिळाला. आठ दिवसांनी त्याला निवडणुकीच्या बंदोबस्ताला लावला.

समन्स घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. निवृत्तीला माझे पाच महिने उरले होते. तिने कागद वाचला, चष्मा काढला.

"तू बोललास कोर्टान यावा लागनार नाय."

मग आयुष्यात पहिल्यांदा मी पंचाशी खरं बोललो. म्हटलं, आंटी, मी खोटं बोललो होतो. यावं लागतं. पण हे लोक वाईट आहेत आणि तुमच्या रक्षणाला आमच्याकडे माणूस नाही. तुम्ही वसईला लेकीकडे जा. मी लिहून देतो, साक्षीदार पत्त्यावर सापडली नाही. केस गेली तर गेली. मी हे मनापासून म्हणत होतो. विन्या डोळ्यांपुढे होता, तरीही म्हणत होतो.

ती म्हणाली, "मी घरान हाय आनि तू लिवनार सापडली नाय? अजून एक खोटा?"

आणि तिने दोन्ही कागदांवर सही केली. एक प्रत तिची, एक माझी.

कोर्टात ती चर्चला घालायची ती साडी नेसून आली. समोरचा वकील तोच, बबनवाला, आता केस पांढरे झालेला. त्याने तिला दोन तास घोळवलं. किल्ली कुठल्या खिशातून निघाली? उजव्या. किती वेळ लागला? तीन तास, माझ्या मिरच्या गेल्या. मग त्याने तेच प्रेमळ हसू काढलं आणि विचारलं, पोलिसांनी तुम्हाला सांगितलं होतं का, की साक्षीला यावं लागेल?

"नाय."

"मग काय सांगितलं होतं?"

"यावा लागनार नाय, असा सांगितला." आणि तिने शेवटच्या बाकाकडे सरळ बोट केलं. "तो परब हवालदार. खोटा बोलला तो."

सगळं कोर्ट माझ्याकडे वळून बघत होतं. वकिलाच्या चेहऱ्यावर दिवाळी. तो म्हणाला, म्हणजे पोलीस तुमच्याशी खोटं बोलले, हे तुम्ही शपथेवर सांगता?

"हो. त्याचा तोंड बघूनच मना कलला, हा खोटा बोलते. म्हनून तर मी सगला वाचून सही केली."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला दोनदा सांगून नीट उतरवून घेतलं.

निकालात त्यांनी लिहिलं की या साक्षीदाराला पोलिसांबद्दल काडीचंही प्रेम नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. लादीवाल्याला वीस वर्षं. साहेबांना पदक मिळालं, फोटो छापून आला. माझंही नाव त्या निकालात एकदा येतं: 'परब हवालदार खोटे बोलले, हे साक्षीदाराचे म्हणणे खरे वाटते.' बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोर्टाने माझी घेतलेली दखल ती एवढीच. त्याची प्रत मी कपाटात ठेवली आहे. बायको म्हणते, फ्रेम करा.

पुढे टोळी कोसळायला महिनासुद्धा लागला नाही. ज्यांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती त्यांना पटापट सगळी नावं आठवली, पत्त्यांसकट. ज्याला त्याला माफीचा साक्षीदार व्हायचं होतं. घाटकोपरच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पावडर बंद झाली का म्हणाल, तर नाही. दुसरा कुणीतरी दुसऱ्या कुठल्या तरी डब्यातून नेत असेल. विन्या जगला. कबड्डी गेली, पण रिक्षा चालवतो, आणि सकाळी दिसला की नमस्कार करतो. तो नमस्कार मला घेववत नाही.

कारण आंटी. निकालानंतर पंधरा दिवसांनी भरदुपारी, ती बाजारात गेली असताना, तिच्या घराला कुणीतरी आग लावली. शेजाऱ्यांनी विझवली, पण छप्पर गेलं. मुलगी येऊन तिला वसईला घेऊन गेली. आग कुणी लावली ते सापडलं नाही. पंचनामा मात्र व्यवस्थित झाला, असं ऐकलं.

निवृत्त झाल्यावर मी तिला भेटायला गेलो. चौथा मजला, दोन खोल्या, खिडकीला जाळी. मिरच्या वाळवायला जागा नाही म्हणून मसाला बंद. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण तिने आधी चहा दिला, मग विन्या कसा आहे ते विचारलं. मी केव्हा तरी त्याच्याबद्दल बोललो होतो, ते तिच्या लक्षात होतं. निघताना धीर करून मी तिला विचारलं की आंटी, त्या रविवारी मी खरं सांगितलं असतं, की कोर्टात यावं लागेल, तर तुम्ही आला असता का?

तिने जरासुद्धा विचार केला नाही. "नाय रं. दार लावून घेतला असता."

खाली रस्त्यावर आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. बसथांब्यावर मी दोन बसेस सोडल्या. मी खरं बोललो असतो तर लादीवाला आजही बाहेर असता, आणि आंटी आपल्या अंगणात. कुणी विचारलं की तुला यातलं काय हवं होतं, तर हवालदार म्हणून मला उत्तर माहीत आहे. आता मी हवालदार नाही.